बालेकिल्ला कोणाचाच नव्हता : औरंगाबाद लोकसभा मतदारसंघ, १९५२ ते २०२४

१/
छत्रपती संभाजीनगरच्या राजकारणात एक शब्द फार सढळपणे वापरला जातो : बालेकिल्ला. १९८९ नंतर औरंगाबाद लोकसभा मतदारसंघ हा शिवसेनेचा बालेकिल्ला म्हणून ओळखला गेला. २०१९ मध्ये तो ढासळल्याचे सांगण्यात आले आणि २०२४ मध्ये तो परत मिळवल्याचे. अठरा निवडणुका आणि तेरा खासदार यांचा हिशेब एकत्र मांडून पाहिला, तर हा शब्द या मतदारसंघाला कधीच नीट लागू पडला नव्हता असे दिसते. तो हिशेब मांडणे हा या धाग्याचा हेतू.

२/
शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर एक खराखुरा किल्ला उभा आहे. देवगिरीने यादव, खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा एकामागून एक सत्ता पाहिल्या. किल्ला पडला की पायथ्याच्या वस्तीचा धनी आपोआप बदलत असे. वस्तीला कोणी विचारत नसे. मतदारसंघात आधी वस्तीला विचारावे लागते, आणि तिने दिलेले उत्तर पाच वर्षांपुरतेच असते. ‘बालेकिल्ला’ हा शब्द वापरताना आपण नकळत मतदाराला पुन्हा पायथ्याशी नेऊन बसवतो.

३/
हा विचारण्याचा अधिकार येथे उशिरा आला. ऑगस्ट १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तिरंगा फडकावणारे तुरुंगात जात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. त्यानंतर चार वर्षांच्या आत, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, येथील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाच्या हाती मतपत्रिका होती. मराठवाड्याच्या इतिहासात रयतेचे नागरिक होणे हे इतक्या थोड्या काळात घडले, ही गोष्ट खासदारांच्या कोणत्याही यादीपेक्षा मोठी आहे.

४/
१९५२ मध्ये औरंगाबादमधून काँग्रेसचे सुरेशचंद्र आर्य लोकसभेत गेले. तेव्हा हैदराबाद राज्याच्या वाट्याला लोकसभेच्या २५ जागा होत्या आणि औरंगाबाद त्यांपैकी एक होती. म्हणजे या मतदारसंघाचा पहिला खासदार महाराष्ट्राचा नव्हता, मुंबई राज्याचाही नव्हता. त्याच्या शेजारच्या जागा तेलुगू आणि कन्नड मुलखात होत्या. आज ‘महाराष्ट्रातील ४८ पैकी एक’ अशी ज्याची ओळख करून दिली जाते, त्या मतदारसंघाचा जन्म वेगळ्याच घरात झालेला आहे.

५/
१९५७ मध्ये येथून स्वामी रामानंद तीर्थ निवडून आले. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे जन्मलेला हा संन्यासी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा नेता होता. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्याचे खासदार होते. भाषेच्या आधारे हैदराबाद राज्याचे विसर्जन व्हावे, असा आग्रह त्यांनी धरला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते विसर्जन झाले. गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ज्या पुनर्रचनेसाठी स्वामीजी झगडले, तिने त्यांचा पहिला मतदारसंघ एका राज्यात नेला आणि दुसरा दुसऱ्या राज्यात.

६/
१९५७ ची ती निवडणूक आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. मराठवाडा मात्र बहुतांशी काँग्रेसबरोबर राहिला. यावरून मराठवाड्याला मराठी राज्य नको होते असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. येथील मतदारासाठी काँग्रेस हा निजामाच्या सत्तेविरुद्ध लढलेल्या माणसांचा पक्ष होता, आणि त्या लढ्याला अवघी नऊ वर्षे झाली होती. एकाच निवडणुकीत एकाच पक्षाला मत देण्याचे किंवा नाकारण्याचे कारण मुंबईत एक आणि औरंगाबादेत दुसरे असू शकते.

७/
१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ ची निवडणूक मतदारसंघाने तिसऱ्या राज्यात लढवली. हैदराबाद, मुंबई, महाराष्ट्र : दहा वर्षे, तीन निवडणुका, तीन राज्ये. त्या वर्षी आणि पुन्हा १९६७ मध्ये काँग्रेसचे भाऊराव दगडूराव देशमुख विजयी झाले. १९७१ मध्ये काँग्रेसचेच माणिकराव पालोदकर आले. पहिल्या पाचही निवडणुकांत काँग्रेस जिंकली. ‘बालेकिल्ला’ हा शब्द कोणाला शोभला असता तर तो या वीस-पंचवीस वर्षांच्या काँग्रेसला. तो कसा संपला, हे पाहिले की पुढचे बरेच काही उलगडते.

८/
आणीबाणीनंतर १९७७ मध्ये जनता पक्षाचे डॉ. बापू काळदाते येथून लोकसभेत गेले. पेशाने डॉक्टर, विचाराने समाजवादी, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेला हा नेता पुढे राज्यसभेतही गेला. काँग्रेसचे पाच विजय एका निवडणुकीत मागे पडले. त्यासाठी शहराचा धर्म, जात, भाषा, काहीही बदलावे लागले नाही. लोकसंख्या तीच होती. बदलले होते ते लोकांचे मत.

९/
काळदाते खासदार असतानाच मराठवाड्याला हादरवणारी घटना घडली. १९५८ मध्ये औरंगाबादेत स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत केला. त्यानंतर गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. स्वातंत्र्यसैनिक आणि समाजवादी यांच्या वर्तुळातही या प्रश्नावर तीव्र मतभेद होते. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. तोवरची साडेपंधरा वर्षे हा प्रश्न मराठवाड्याच्या प्रत्येक निवडणुकीच्या पाठीशी उभा होता.

१०/
१९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे काझी सलीम विजयी झाले. ते उर्दूतील आधुनिकतावादी प्रवाहाचे महत्त्वाचे कवी होते. वली आणि सिराज यांच्या शहराने एका उर्दू कवीला लोकसभेत पाठवले, यात सांस्कृतिकदृष्ट्या नवल काही नाही. नवल आहे ते आजच्या चर्चेत या निवडणुकीचा मागमूस नसण्याचे. २०१९ मध्ये ‘औरंगाबादेतून मुस्लिम खासदार’ ही जणू अघटित गोष्ट घडली असे बोलले गेले, तेव्हा एकोणचाळीस वर्षांपूर्वीचे काझी सलीम फार थोड्यांना आठवले.

११/
१९८४ ची निवडणूक तर अभ्यासकांनी खास पाहावी अशी. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या. उरलेल्या पाचांत राजापूरचे मधू दंडवते होते, दक्षिण मध्य मुंबईचे दत्ता सामंत होते, कुलाब्यात शेतकरी कामगार पक्ष होता, बारामतीला शरद पवार होते आणि पाचवे औरंगाबाद होते. येथून समाजवादी काँग्रेसचे साहेबराव पाटील डोणगावकर निवडून आले. देश एका दिशेने वाहत असताना हा मतदारसंघ दुसरीकडे गेला.

१२/
आता १९७१ पासूनची ओळ सलग वाचावी. १९७१ काँग्रेस, १९७७ जनता पक्ष, १९८० इंदिरा काँग्रेस, १९८४ समाजवादी काँग्रेस, १९८९ शिवसेना. पाच निवडणुका, पाच खासदार, पाच वेगळी पक्षनावे. शेतकरी नेता, समाजवादी डॉक्टर, उर्दू कवी असे एकमेकांशी मेळ नसलेले चेहरे या मतदारसंघाने ओळीने निवडले. शिवसेनेचा विजय शांत, एकमुखी काँग्रेसी मुलखावर कोसळलेली वीज होती, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा या ओळीपुढे टिकत नाही. मतदार अठरा वर्षे आपला प्रतिनिधी शोधतच होता.

१३/
मात्र १९८० च्या दशकात काही मूलभूत बदल झाले, हेही तितकेच खरे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा झाला. ८ डिसेंबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. चिकलठाण्यापाठोपाठ वाळूजची औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तेथे सुरू झाला. मराठवाड्याच्या गावांतून तरुण कामाच्या शोधात शहराकडे येऊ लागले. त्यांना ना जुन्या काँग्रेस घराण्यांशी देणेघेणे होते, ना मुक्तिसंग्रामाच्या आठवणींशी. त्यांच्या गल्लीत पोहोचणारी संघटना त्यांना हवी होती.

१४/
ती संघटना शिवसेनेने उभी केली. १९८५ मध्ये शहरात शाखा निघाली. १९८८ च्या पहिल्या महापालिका निवडणुकीत साठपैकी सत्तावीस जागा मिळवून सेना सर्वांत मोठा पक्ष ठरली. महापौरपद मात्र काँग्रेस आणि तिच्या साथीदारांनी राखले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाळासाहेब ठाकरे यांनी शहराचा ‘संभाजीनगर’ असा उल्लेख केला. त्या काळात शहराने दंगलीही पाहिल्या. १९८९ मध्ये सेनेचे मोरेश्वर सावे खासदार झाले आणि १९९१ मध्ये पुन्हा निवडून आले. धार्मिक ध्रुवीकरण हे या विजयाचे मोठे कारण होते. गल्लोगल्लीचे संघटन हे दुसरे कारण होते, आणि ते नेहमी सांगायचे राहून जाते.

१५/
१९९६ मध्ये सेनेचे प्रदीप जैस्वाल जिंकले. मग १९९८ आले, आणि काँग्रेसचे रामकृष्णबाबा पाटील निवडून आले. ‘१९८९ पासून सलग’ असे म्हणणाऱ्यांच्या यादीतून हे नाव नेहमी गळते. सेना-भाजप युती राज्यात सत्तेवर असताना, नामांतराचा पहिला सरकारी प्रयत्न होऊन गेलेला असताना, याच मतदारसंघाने काँग्रेसचा खासदार निवडला. तो कार्यकाळ जेमतेम तेरा महिन्यांचा ठरला, कारण लोकसभाच बरखास्त झाली. तरीही तेरा महिन्यांच्या त्या खासदारकीत बालेकिल्ल्याच्या तटाला पडलेले भगदाड स्पष्ट दिसते.

१६/
१९९९ मध्ये चंद्रकांत खैरे यांनी माजी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांचा पराभव केला आणि वीस वर्षांची खासदारकी सुरू झाली : १९९९, २००४, २००९, २०१४. सलग चार वेळा निवडून येणे ही या मतदारसंघातली एकमेव कामगिरी आहे. बालेकिल्ल्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम पुरावा हाच, आणि तो हलक्याने बाजूला सारता येणार नाही. दर निवडणुकीत लाखोंच्या संख्येने मतदार सेनेबरोबर राहिला, हे वास्तव आहे. प्रश्न एवढाच की ही निष्ठा एकटी विजयाला पुरेशी होती का.

१७/
२००९ चे आकडे पाहावेत. खैरे सुमारे ३३ हजार मतांनी जिंकले. त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी काँग्रेसचे उत्तमसिंह पवार होते, जे पूर्वी शेजारच्या जालन्यातून भाजपचे खासदार राहिले होते. याच निवडणुकीत वेरूळचे शांतिगिरी महाराज अपक्ष उभे होते आणि त्यांना दीड लाखाच्या जवळ मते पडली. म्हणजे तिसऱ्या उमेदवाराची मते विजयी मताधिक्याच्या चौपटीहून अधिक होती. २०१४ मध्ये मोदी लाटेत हेच मताधिक्य १ लाख ६२ हजारांवर गेले. तटाची उंची पाच वर्षांत इतकी कमीजास्त होत असेल, तर ती दगडी भिंत नव्हे. ती नदीची पातळी आहे.

१८/
आणखी एक गोष्ट नकाशाची. २००८ च्या पुनर्रचनेनंतर या मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आहेत : औरंगाबाद मध्य, औरंगाबाद पूर्व, अनुसूचित जातींसाठी राखीव औरंगाबाद पश्चिम, आणि कन्नड, गंगापूर, वैजापूर. जिल्ह्यातील सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण ही तीन क्षेत्रे जालना लोकसभा मतदारसंघात आहेत. म्हणजे हा मतदारसंघ शहर नाही आणि पुरता जिल्हाही नाही. ‘शहराने कौल दिला’ हे वाक्य म्हणूनच अर्धे असते. अर्धी विधानसभा क्षेत्रे ग्रामीण आहेत, आणि तेथील कापूस, ऊस, दुष्काळ, आरक्षण यांच्या चिंता शहरातल्या नामफलकांच्या वादापेक्षा वेगळ्या आहेत.

१९/
या पार्श्वभूमीवर २०१९ समजून घेता येते. २०१४ च्या विधानसभेत सेना आणि भाजप वेगवेगळे लढले, मते विभागली आणि औरंगाबाद मध्यमधून एमआयएमचे इम्तियाज जलील आमदार झाले. पूर्वाश्रमीचे पत्रकार असलेल्या जलील यांना २०१९ मध्ये लोकसभेची उमेदवारी मिळाली, ती प्रकाश आंबेडकर यांच्या वंचित बहुजन आघाडीशी झालेल्या युतीतून. दुसरीकडे कन्नडचे हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे राहिले. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला होता, आणि त्यापूर्वी ते शिवसेनेचेच आमदार होते.

२०/
निकाल असा लागला. जलील : ३ लाख ८९ हजार ४२ मते. खैरे : ३ लाख ८४ हजार ५५०. अंतर ४,४९२. जाधव यांना २ लाख ८३ हजारांवर मते मिळाली, म्हणजे विजयी मताधिक्याच्या साठपटीहून अधिक. हैदराबाद मतदारसंघाबाहेर एमआयएमने जिंकलेली ही पहिली लोकसभा जागा. २००४ मध्ये कुलाब्यातून अंतुले निवडून आल्यानंतर महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले हे पहिले मुस्लिम खासदार. तेच अंतुले, जे १९९९ मध्ये औरंगाबादेत हरले होते.

२१/
या निकालाचे दोन अर्थ लगेच सांगण्यात आले. एक : शहर ‘त्यांचे’ झाले. दुसरा : मतविभागणीचा हा निव्वळ अपघात. दोन्ही अर्थ अपुरे आहेत. विजेत्याला मिळालेली मते एकूण मतांच्या एक-तृतीयांशाहून कमी होती, तेव्हा शहर कोणाचे ‘झाले’ असे म्हणता येत नाही. आणि जाधव यांना मत देणाऱ्या पावणेतीन लाखांहून अधिक लोकांनी अपघात म्हणून मत दिले नव्हते. त्यांची स्वतःची तक्रार होती. तसेच वंचितच्या आवाहनावर जलील यांना मत देणाऱ्या आंबेडकरी मतदाराचाही स्वतःचा हिशेब होता. मतविभागणी असे आपण ज्याला म्हणतो, ते बहुधा कोणाचे तरी म्हणणे असते.

२२/
ते म्हणणे ऐकले गेले नाही, तर काय होते? लोकसभेनंतर काही महिन्यांतच, त्याच वर्षीच्या विधानसभेपूर्वी एमआयएम आणि वंचित यांची युती तुटली. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. जिल्ह्यातील पाच आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. ज्या पक्षाच्या नावे बालेकिल्ल्याची सनद लिहिलेली होती, त्याचेच दोन पक्ष झाले. २०२४ मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेचे संदिपान भुमरे आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे चंद्रकांत खैरे समोरासमोर उभे राहिले. तिसरे होते जलील. आणि या वेळी वंचितने स्वतंत्र उमेदवार दिला.

२३/
भुमरे यांना ४ लाख ७६ हजार १३० मते मिळाली, जलील यांना ३ लाख ४१ हजार ४८० आणि खैरे यांना २ लाख ९३ हजार ४५०. मताधिक्य १ लाख ३४ हजार ६५०. जलील यांची मते २०१९ पेक्षा साडेसत्तेचाळीस हजारांनी घटली. गंमत म्हणजे सेनेची मते दोन ठिकाणी विभागूनही त्यांपैकी एक उमेदवार सहज जिंकला. ‘मते फुटली म्हणून हरलो’ हे २०१९ चे सूत्र २०२४ मध्ये चालले नाही. आणि भुमरे ज्या पैठणचे आमदार होते, ते पैठण आज जालना मतदारसंघात मोडते. बालेकिल्ला परत जिंकणारा सेनापती स्वतःच वेशीबाहेरचा होता.

२४/
त्यानंतर सहाच महिन्यांनी विधानसभा निवडणूक झाली. औरंगाबाद पूर्वमधून भाजपचे अतुल सावे जिंकले. ते पहिले सेना खासदार मोरेश्वर सावे यांचे पुत्र. पराभूत होते इम्तियाज जलील, आणि अंतर होते साधारण दोन हजार मतांचे. सुमारे साडेतीन दशकांपूर्वी वडिलांनी ज्या शहरातून सेनेचा झेंडा दिल्लीला नेला, त्याच शहरात मुलगा दुसऱ्या पक्षाकडून दोन हजारांनी वाचतो. तट कोणाचा आणि चढाई कोणाची, हे ठरवणे आता सेनेच्या जुन्या शिलेदारांनाही अवघड जावे.

२५/
नावाविषयीही थोडे. १९८८ मध्ये भाषणातून आलेले नाव २०२२ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयात उतरले : आधी ठाकरे सरकारच्या, मग शिंदे सरकारच्या. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राने ‘छत्रपती संभाजीनगर’ला मान्यता दिली. लोकसभा मतदारसंघाचे नाव मात्र मतदारसंघ पुनर्रचनेच्या आदेशाने ठरते, म्हणून २०२४ ची निवडणूक ‘१९-औरंगाबाद’ याच नावाने झाली. ज्या नावासाठी आणि ज्या नावाविरुद्ध साडेतीन दशके मते मागितली गेली, त्या वादाचा निकाल लागल्यानंतरची पहिली लोकसभा निवडणूक मतदाराने जुन्याच नावाच्या मतदारसंघात मत देऊन पार पाडली.

२६/
आता यादीत जे नाही त्याकडे पाहावे. अठरा निवडणुकांत एकही स्त्री येथून लोकसभेत गेली नाही. ज्या शहरात डॉ. आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, नामांतराचा लढा ज्या भूमीत लढला गेला, तेथून आंबेडकरी चळवळीचा एकही प्रतिनिधी लोकसभेत पोहोचला नाही. २०१९ मध्ये या चळवळीच्या मतांनी निकालाचे पारडे झुकवले. पुढच्या निवडणुकीत ती मते पुन्हा एकटी पडली. बालेकिल्ल्याच्या भाषेत या मतदारांना जागाच नाही. तेथे दोनच बाजू असतात : तटाच्या आत आणि तटाबाहेर.

२७/
यावर असे विचारता येईल की एका शब्दाने एवढे काय बिघडते? बिघडते ते असे. मतदारसंघ हा एखाद्या समाजाचा किंवा पक्षाचा मुलूख मानला की निवडणूक तो राखण्याची लढाई होते, आणि खासदाराला त्याच्या कामाचा जाब विचारणे फितुरी वाटू लागते. शहराला पाणी देणारे जायकवाडी धरण जेमतेम पन्नास किलोमीटरवर पैठणला आहे. तरीही शहराच्या अनेक भागांत नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. ही तक्रार काँग्रेस, शिवसेना, एमआयएम अशा सर्व मतदारांची समान आहे. कोणत्याही निवडणुकीचा मुख्य प्रश्न ती क्वचितच झाली, कारण नळाला रंग नसतो.

२८/
लोकसभेच्या जागांची फेरमांडणी अनेक वर्षे गोठवलेली राहिली, आणि २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांचे आरक्षण त्याच फेरमांडणीशी बांधले. पुढे कधीतरी या मतदारसंघाच्या सीमा पुन्हा आखल्या जातील. त्याचे नावही बदलू शकेल, पैठण किंवा फुलंब्री परत येऊ शकेल, एखादी स्त्री येथून प्रथमच निवडून जाईल. तीन राज्ये पाहिलेल्या या मतदारसंघाला बदलाची सवय आहे.

२९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी निकालपत्रकाची पहिली ओळ वाचून थांबू नये. दुसरी, तिसरी, चौथी ओळही वाचावी : शांतिगिरी महाराजांची दीड लाखांच्या जवळची मते, जाधवांची २ लाख ८३ हजार, खैरे यांची शेवटची २ लाख ९३ हजार. त्या मतदारांचा खासदार झाला नाही, पण पुढची निवडणूक कशी होणार हे बहुतेक वेळा त्यांनीच ठरवले. १९५२ पासून हा मतदारसंघ कोणी जिंकला, याचे उत्तर तेरा नावांत संपते. तो कोणी घडवला, हे शोधायचे तर या हरलेल्या मतांची मोजणी पुन्हा एकदा, गावनिहाय आणि वॉर्डनिहाय, करावी लागेल.